लेखणी व शाईचे रेखाटन

बोरू, पिसाची लेखणी, टाक यांसारख्या साधनांनी कागदावर शाईच्या रेषा व बिंदू उमटवून केलेले रेखाचित्र, तसेच असे चित्र काढण्याचे तंत्र. पेन्सिल, कोळसा वा खडू यांच्या रेखाटनाहून ते दोन बाबतींत मूलतः भिन्न आहे. पेन्सिल कमीअधिक दाबून गडद काळ्यापासून फिक्या करड्यापर्यंतच्या छटा मिळविता येतात. शाईला मात्र एकच छटा असते. लेखणीची रेषा जाड होईल किंवा बारीक होईल, परंतु काळ्या शाईत ती सर्वत्र सारखीच काळी राहते. दुसरे असे, की ही रेषा पुसता येत नाही. त्यामुळे छाया, घनता, पोत, अंतर या साऱ्यांचा आभास काळी रेषा आणि कोरा कागद या दोहोंच्या प्रमाणातूनच निर्माण करावा लागतो. प्रकाश रंगविण्याचे कोणतेही साधन चित्रकाराच्या हाती नसते. न रेखाटलेला कागद हाच त्याचा प्रकाश होय. म्हणून या तंत्राच्या शिक्षणात रेषा कशी काढावी, याच्या बरोबरीने ती कोठे काढू नये, हे शिकणे आवश्यक ठरते आणि नवशिक्यास बहुधा तेच अधिक अवघड जाते.

इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याने सु. १४०० मध्ये लिहिलेल्या कलाविषयक ग्रंथात हा क्रम स्पष्टपणे सांगितला आहे. विद्यार्थ्याने प्रथम सुमारे वर्षभर लहान फळीवर धातूच्या शलाकेने रेखाटनाचा सराव करावा आणि त्यानंतर कागदावर लेखणी चालवावी, असे तो सुचवितो. पिसाची लेखणी तासण्याची कृतीही त्याने दिली आहे. लेखणीच्या सरावाने चित्रकार निष्णात होतो व समोर वस्तू नसतानाही मनातून चित्र काढू शकतो, असे त्याचे मत होते. लेखणी विद्यार्थ्याला आधी पाहावयास व मग ठरवावयास भाग पाडते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मतातील तथ्य पटते.

लेखणी : बोरू ही सर्वांत जुन्या लेखण्यांपैकी एक. महाराष्ट्रात मोडी व बाळबोध लेखनासाठी ती दीर्घकाळ प्रचारात होती. बोरूची रेषा रुंद, काहीशी बोथट व जोमदार असते. त्यात शाई फार थोडी मावते व ती लवकर संपते. त्यामुळे तुटक व आखूड फटकारे ओघानेच येतात. हंसाच्या किंवा बदकाच्या पिसाची लेखणी यूरोपात मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. ती लवचिक असल्याने हाताचा लहानसा दाबही रेषेत उतरतो. लिओनार्दो दा व्हींची, मायकेलअँजेलो, रेम्ब्रँट यांची लेखणीची रेखाटने मुख्यत्वे पिसाची आहेत. रेम्ब्रँटने (१६०६–६९) उत्तरकाळात बोरूचाही मुबलक वापर केला. १८२० नंतरच्या दशकांत इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे पोलादी निबा यंत्राने तयार होऊ लागल्या आणि टाक सर्वत्र पसरला. निबेच्या मध्यभागी चीर असते. खाली ओढताना दाब दिला, की चिरेच्या दोन्ही बाजू फाकतात व रेषा जाड होते. दाब काढताच ती पुन्हा बारीक होते. हीच निब वरच्या दिशेने जोराने रेटली, तर तिची टोके कागदाच्या तंतूंत रुततात आणि शाई उडते. यास्तव टाकाची रेषा शक्यतो ओढावी, ढकलू नये. रेषेची दिशा गैरसोयीची असेल, तर हात वाकडा करण्याऐवजी कागद फिरविणे श्रेयस्कर.

रॉट्रिंग या जर्मन कंपनीने १९५३ मध्ये रॅपिडोग्राफ ही नळीसारख्या टोकाची लेखणी बाजारात आणली. तिची रेषा कोणत्याही दिशेने सारख्याच जाडीची येते. त्यानंतर तंतूच्या टोकाची, रंगद्रव्ययुक्त शाईची पेने सर्वत्र मिळू लागली. ही साधने सोयीची आहेत व प्रवासात शाई सांडण्याचे भय त्यांत नाही. तथापि त्यांच्यात दाबाला उत्तर देण्याचा गुण जवळजवळ नसतो. प्रारंभीचे काही महिने तरी टाकाने काम केलेला विद्यार्थी पुढे ही पेने अधिक जाणतेपणाने वापरतो. अनेक विद्यार्थी सर्वांत बारीक निब घेऊन प्रारंभ करतात, तेही हितावह नाही. बारीक निबेने चित्र तपशिलांत अडकते. मध्यम निबेने आधी मोठे आकार साधावेत. नव्या निबेवर गंज न चढावा म्हणून तेलकट लेप दिलेला असतो, तो साबणाच्या पाण्याने धुऊन काढल्याशिवाय शाई नीट उतरत नाही.

शाई : काजळी आणि डिंक वा सरस यांपासून केलेली शाई काळी, टिकाऊ व प्रकाशात न उडणारी असते. भारतातील परंपरागत मशी आणि चीनमधील वडीची शाई या याच जातीच्या. इंग्रजीत या शाईला ‘इंडियन’ असे विशेषण लागले, तर फ्रेंचमध्ये तिलाच चिनी शाई म्हणतात. बाटलीतून मिळणाऱ्या जलरोधी काळ्या शाईत बहुधा लाख असते. ती सुकल्यावर तिच्यावरून पाण्याचा हात फिरविता येतो. मात्र ती फाउंटन पेनात भरल्यास सुकून पेन कायमचे निकामी होण्याचा संभव असतो. टाकही काम चालू असताना वरचेवर फडक्याने पुसावा लागतो, अन्यथा निबेवर पापुद्रा धरून रेषा फाटते.

यूरोपातील जुन्या रेखाटनांपैकी बरीच मायफळाचा अर्क, हिराकस आणि डिंक यांपासून केलेल्या शाईची आहेत. ही शाई कागदावर उतरताना फिकी असते व हवेच्या संपर्काने काळी पडते. शतकांच्या ओघात ती तपकिरी होते. तिच्यातील आम्ल व लोह यांमुळे कागद खाल्ला जाऊन दाट रेषांच्या ठिकाणी भेगा व छिद्रे पडतात. जुन्या आचार्यांच्या चित्रांतील ऊबदार तपकिरी रंगाचे अनुकरण करणारा विद्यार्थी पुष्कळदा चित्रकाराचे नव्हे, तर काळाच्या परिणामाचे अनुकरण करीत असतो. काही चित्रकारांनी लाकडाच्या काजळीची बिस्तर ही तपकिरी शाई हेतुपूर्वक वापरली, हेही खरे. व्हिन्सेंट व्हान गॉखने (१८५३–९०) १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे स्थानिक वेतांच्या बोरूने काढलेल्या रेखाटनांपैकी काहींची शाईही आता फिकट तपकिरी झाली आहे. त्या चित्रांतील काळ्या-पांढऱ्याचा मूळ विरोध आजच्या प्रेक्षकास पूर्णपणे दिसत नाही. टिकाऊ काम करावयाचे असेल, तर काजळीची शाई व आम्लरहित कागद वापरणे, हाच खात्रीचा उपाय होय.

कागद गुळगुळीत, घट्ट व चांगली खळ दिलेला असावा. खळ कमी असलेल्या कागदावर शाई फुटते, तर खरखरीत कागदावर निब अडखळते. सरावासाठी कार्ट्रिज कागद पुरतो. नेमक्या कामासाठी ब्रिस्टल बोर्ड अधिक चांगला. बोरू मात्र थोड्या खरबरीत कागदावर अधिक खुलतो.

छटेचा अभ्यास : पहिला सराव सुट्या रेषांचा असतो. समान अंतरावर, समान जाडीच्या, परस्परांना समांतर अशा आखूड रेषांनी एक चौकोन भरावा. येथे लक्ष रेषांवर न ठेवता त्यांमधील पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवले, तर काम लवकर साधते. कारण डोळ्यास जाणवणारी छटा त्या दोहोंच्या प्रमाणाने ठरते. पाच चौकोन आखून पहिला कोरा व शेवटचा पूर्ण काळा ठेवावा आणि मधले तीन चढत्या छटांनी भरावेत. पट्टी दोन हात दूर धरून, डोळे किलकिले करून पाहिली असता पायऱ्या सारख्या अंतराच्या दिसल्या पाहिजेत. लेखणीच्या चित्राला सामान्यतः यापेक्षा अधिक छटा लागत नाहीत.

एका दिशेच्या रेषांवरून दुसऱ्या दिशेच्या रेषा घातल्या, की जाळीदार छायारेखन होते. त्याच्या मर्यादा समजण्यास थोडे गणित उपयोगी पडते. ०·३ मिमी. जाडीच्या रेषा १·२ मिमी. अंतराने (मध्यापासून मध्यापर्यंत) काढल्यास कागदाचा २५ टक्के भाग काळा होतो. तितक्याच रेषांचा दुसरा थर आडवा घातल्यास तो ५० टक्के न होता सु. ४४ टक्केच होतो. कारण छेदाच्या ठिकाणी काळ्यावर काळे पडते. तिसऱ्या दिशेचा थर चढविल्यास हे प्रमाण सु. ५८ टक्के व चौथ्याने सु. ६८ टक्के होते. प्रत्येक नवा थर आधीच्यापेक्षा कमी भर घालतो, पण कागदाचा ताजेपणा मात्र तितकाच घालवितो. म्हणून गडद अंधार जाळीवर जाळी चढवून मिळविण्याचा खटाटोप करू नये. तेथे रेषा प्रथमपासूनच जाड व जवळ काढावी किंवा तो भाग सरळ काळा भरून टाकावा. नवशिक्याच्या चित्रात सर्वत्र सारखा करडेपणा येतो, त्याचे मूळ बहुधा येथेच असते.

जाळी घालताना पहिला थर सुकल्याविना दुसरा घालू नये, अन्यथा छेदबिंदूंवर शाई साचून ठिपके पडतात. दोन थर काटकोनात छेदले, तर तारेच्या जाळीसारखा ताठर परिणाम होतो; लघुकोनात छेदल्यास लांबट, तिरपे अवकाश निर्माण होऊन छटा मऊ वाटते. मायकेलअँजेलोने उमेदवारीच्या काळात जॉत्तो व माझात्चो यांच्या भित्तिचित्रांतील आकृत्यांच्या लेखणीने नकला केल्या. त्यांतील वस्त्रांच्या घड्यांत जाळीच्या घनतेचे बारकाईने केलेले नियोजन पाहावयास मिळते. ही रेखाटने आजही अभ्यासास उपयुक्त आहेत.

रेषांची दिशा हा यापुढील टप्पा. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या छायारेषा सहजगत्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे झुकतात. लिओनार्दो डावखुरा असल्याने त्याच्या रेषा याच्या उलट, वर डावीकडून खाली उजवीकडे जातात. एखादे रेखाटन त्याचे आहे काय, हे ठरविताना अभ्यासक या खुणेचा उपयोग करतात. अशा एकदिश रेषांनी छाया दाखविता येते, पण वस्तूचा पृष्ठभाग कसा वळला आहे, ते सांगता येत नाही. लिओनार्दोच्या पुढील काळातील रेखाटनांत रेषा शरीराच्या गोलाईबरोबर वळताना दिसतात. अंडे, वांगे, मडके व घडी घातलेला पंचा या वस्तू या अभ्यासास उत्तम. मडक्याच्या पोटावरील रेषा त्याच्या घेराला अनुसरून वळवाव्यात, पंच्याच्या घडीवर त्या उतारावरून वाहणाऱ्या पाण्याप्रमाणे न्याव्यात. वस्तूला गोलाई येण्यासाठी छाया कडेपर्यंत गडद नेण्याचे कारण नाही. गोल वस्तूच्या छायेतील कडेवर भोवतालचा परावर्तित उजेड पडतो, म्हणून सर्वांत गडद पट्टा कडेच्या थोडा आत असतो.

बाह्यरेषेसंबंधी एक गैरसमज फार रूढ आहे. वस्तू प्रथम सर्व बाजूंनी एकाच जाडीच्या रेषेने बंदिस्त करावयाची आणि मग आतील छाया भरावयाची, अशी सवय शालेय चित्रकलेतून लागते. प्रत्यक्षात उजेडाकडील कड पुष्कळदा पार्श्वभूमीत विरून जाते. तेथे रेषा तोडावी किंवा गाळावी. पाहणाऱ्याचा डोळा ती पुरी करतो. छायेकडील कडेला वेगळी रेषा न काढता पार्श्वभूमीच्या छटेनेच ती व्यक्त करता येते. रेम्ब्रँटच्या रेखाटनांत हे संयमन विशेष जाणवते. लहान मूल चालावयास शिकत असल्याचे त्याचे एक रेखाटन (सु. १६५६, ब्रिटिश म्यूझीयम, लंडन) अगदी मोजक्या रेषांचे आहे, तरीही मुलाचा तोल, त्याला धरणाऱ्या स्त्रियांची वाकलेली पाठ आणि त्यांचे वयोभेद त्यातून कळतात. सु. १६५६ ते १६६१ या काळात त्याने मोगल लघुचित्रांवरूनही रेखाटने केली. आशियाई कागदावर तपकिरी शाईने केलेली अशी वीसहून अधिक रेखाटने उपलब्ध असून त्यांत शाहजहानच्या प्रतिमाही आहेत. एरव्ही झपाट्याने चालणारी त्याची लेखणी या चित्रांत मूळ कलमाच्या नाजूकपणाशी जुळवून घेते, हे पाहण्यासारखे आहे.

पोत दाखविण्यासाठी रेषेची जात बदलावी लागते. गवताला आखूड व टोकाशी निमुळते होणारे फटकारे, जुन्या भिंतीला तुटक रेषा व मोकळ्या जागा, पाण्याला आडव्या लांब रेषा साजतात. परंतु हे ठोकळेबाज नियम नव्हेत. झाडाचे प्रत्येक पान काढू जाणाऱ्याचे झाड कधीच उभे राहत नाही. आधी पर्णसंभाराचे उजेडातील व छायेतील गट ठरवून, छायेच्या सीमेवरच थोडी पाने स्पष्ट केल्यास बाकीची आपोआप कल्पिली जातात. व्हान गॉखने मोंमाजूर टेकडीवरून दिसणाऱ्या मैदानाच्या रेखाटनांत ठिपके, आडवे तुकडे, अर्धवर्तुळे व उभे फटकारे असा खुणांचा संचच वापरला असून दूर जाताना त्या खुणा लहान व विरळ होत जातात. केवळ बिंदूंनी छटा निर्माण करण्याच्या पद्धतीत छटा अतिशय मृदू मिळते. मात्र ती वेळखाऊ आहे. वनस्पतिशास्त्र व पुरातत्त्व यांच्या ग्रंथांतील आकृत्यांसाठी ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

प्रारंभी पेन्सिलीने हलकी रूपरेषा आखून घेण्यास हरकत नाही. तीत मोठ्या आकारांची प्रमाणे, यथादर्शन व छायेच्या सीमा एवढेच असावे. पेन्सिलीचे चित्र पूर्ण करून त्यावरून शाई गिरविली, तर रेषा भ्यालेली व निर्जीव उतरते. कारण हात तेव्हा वस्तू पाहत नसून जुनी रेषा पाहत असतो. शाई पूर्ण सुकल्यावरच खोडरबर वापरावे. चुकलेली रेषा जाड कागदावर धारदार पात्याने अलगद खरवडता येते, पण त्या जागी खळ निघून गेल्याने पुन्हा शाई घातल्यास ती फुटते; ती जागा नखाने वा हाडाच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केल्यास हा दोष कमी होतो. छपाईसाठी काढलेल्या चित्रात पांढऱ्या रंगाने दुरुस्ती चालते. पुष्कळ वेळा मात्र चुकलेल्या रेषेशेजारी योग्य रेषा काढून पहिली तशीच राहू देणे उत्तम. संगणकाच्या पडद्यावर रेखाटताना रेषा मागे घेण्याची सोय असते. तेथे निर्णयाचे हे दडपण उरत नाही आणि म्हणून सरावाचा हा भाग कागदावरच करावा लागतो.

मुद्रणाशी संबंध : लेखणीच्या रेखाटनाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे महत्त्व आले, त्याचे कारण मुद्रणतंत्रात आहे. त्यापूर्वी पुस्तकातील चित्र छापण्यासाठी ते लाकडी ठशावर कोरक्याकडून कोरून घ्यावे लागे आणि चित्रकाराच्या रेषेवर कोरक्याचा हात चढे. छायाचित्रणाच्या साह्याने धातूचा रेषाठसा तयार होऊ लागल्यावर मूळ रेषा जशीच्या तशी छापता येऊ लागली. रेषाठशाला करडी छटा ठाऊक नसते. तो शाई घेतो किंवा घेत नाही. लेखणीची मर्यादा व ठशाची मर्यादा अशा रीतीने एकच झाली. इंग्रज चित्रकार ऑब्रे बिअर्डस्ली (१८७२–९८) याने ऑस्कर वाइल्डच्या सलोमे या नाटकाच्या इंग्रजी आवृत्तीसाठी (१८९४) काढलेल्या चित्रांत छायारेखन जवळजवळ टाकून देऊन केवळ सलग काळे क्षेत्र, मोकळा पांढरा अवकाश व एक लवचिक रेषा यांवर रचना तोलली. याच्या उलट अमेरिकन चित्रकार फ्रँक्लिन बूथ (१८७४–१९४८) याने लहानपणी नियतकालिकांतील लाकडी ठशांवरील कोरीवकाम हे लेखणीचेच काम समजून त्याच्या नकला केल्या आणि त्या गैरसमजातून सूक्ष्म समांतर रेषांची स्वतःची शैली घडविली.

छपाईसाठीचे चित्र सामान्यतः छापावयाच्या आकाराच्या दीडपट ते दुप्पट काढीत. लहान करताना रेषांची थरथर लपते. पण अतिबारीक रेषा तुटतात व जवळच्या रेषांमधील पांढरे अवकाश भरून जातात. जाळी मोकळी ठेवण्याची शिस्त चित्रकारांना या गरजेतूनच लागली.

महाराष्ट्रात मासिके व दिवाळी अंक यांमुळे या तंत्राला मोठे क्षेत्र लाभले. दीनानाथ दलाल (१९१६–७१) यांनी मराठी पुस्तके व मासिके यांसाठी विपुल चित्रे काढली. वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांची व्यंगचित्रे व कथाचित्रे छायेपेक्षा रेषेवर अधिक अवलंबून असून व्यक्तीची बसण्याउठण्याची ढब त्यांत नेमकी पकडलेली असते. गोव्यातील लोटलीचे मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांनी गजबजलेली दृश्ये छाया जवळजवळ न वापरता रेखाटली. कौलांच्या रांगा, सज्जांचे कठडे, कपड्यांवरील नक्षी असे पोतांचे तुकडे शेजारी शेजारी मांडून ते एक आकृती दुसरीपासून वेगळी करतात. मोठ्या गर्दीत काही चेहरे व पोशाख कोरे सोडल्यामुळे डोळ्याला विसावा मिळतो. तरुणपणी ते रोजच्या घडामोडींची सचित्र दैनंदिनी ठेवीत असत. त्यांपैकी १९४९, १९५० व १९५१ या वर्षांच्या दैनंदिन्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या असून त्यांत शेजारी, नातेवाईक, सण व प्रवास यांच्या रेखाटनांतून त्यांची रेषा घडत गेल्याचे दिसते.